ओट्यावरची बाई

योगेंद्रने डबा उघडला, पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला, आणि आईच्या जागी त्याला फुलं दिसली. निळ्या कापडावरची लाल फुलं, पडदा भरून. चुकून भलतंच काही उघडलं असेल म्हणून त्याने ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. वरच्या कोपऱ्यात ‘मधली गल्ली’ ही त्यानेच घातलेली अक्षरं जागच्या जागी होती, खाली वेळ पळत होती, आणि मधोमध, जिथे त्याच्या घराचा ओटा असायचा आणि ओट्यावर त्याची आई असायची, तिथे फुलं. वारा आला की ती फुगायची आणि परत भिंगाला येऊन चिकटायची. “काय, आज मातोश्री उपाशी का?” पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं आणि दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. धुळ्याच्या पाटबंधारे कचेरीत योगेंद्र आरेखक होता, आणि तो रोज दुपारी आईबरोबर जेवतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेच सांगितलं होतं, आणि एकदाच नव्हे.

आईबरोबर जेवणं म्हणजे असं, की निमखेड्याच्या मधल्या गल्लीत विजेच्या खांबावर बसवलेला कॅमेरा धुळ्यात त्याच्या मोबाइलवर दिसायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची आई ताईबाई घरातून बाहेर येऊन ओट्यावर बसायची. एवढंच. बोलणं नाही, आवाज नाही. त्या कॅमेऱ्याला कान नव्हते. ती कधी शेंगा फोडायची, कधी वाती वळायची, कधी नुसतीच खांबाकडे बघून पदर सारखा करायची, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. मग तो पहिला घास घ्यायचा. उंचावरून दिसणारी टीचभर आई: डोक्यावरचा पदर, दोन गुडघे, बाजूला काढून ठेवलेल्या चपला. पण तेवढ्याने त्याला बरं वाटायचं, जेवण अंगी लागायचं. काल तर ती किती ताठ बसली होती. संध्याकाळी त्याने दिपमालाला, म्हणजे बायकोला, मुद्दाम सांगितलं, “माय सुधारली बरं का. पाठ सरळ झालीय तिची.” दिपमाला कणीक मळत होती. “एकदा जाऊन या ना,” ती म्हणाली. “अगं, रोज तर बघतो,” तो म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी होती ती दोन पोरं. कापूस वेचणीच्या दिवसांत निमखेड्यात दुपारी औषधालाही माणूस सापडत नाही. घरं कड्या घालून उभी आणि माणसं शेतात. अशा एका दुपारी ती पोरं आली. चांगल्या कपड्यांतली, गोड बोलणारी, पिशवीत पावडर घेऊन. भांडी उजळून देतो म्हणाली. ताईबाईने देवांची भांडी दिली, ती लख्ख झाली. मग त्यांनी गळ्यातली पोत मागितली. तीही तिने दिली, आणि उन्हातून आलीत बिचारी म्हणून चहा टाकायला आत गेली. बाहेर आली तेव्हा ओटा रिकामा. योगेंद्र धुळ्याहून धावत पोचला तेव्हा दोन कप तसेच ठेवलेले होते, त्यांवर साय धरलेली होती, आणि आई येईल त्याला एकच गोष्ट सांगत होती, “मी त्यास्ना चहामा आलं टाकेल व्हतं रे भाऊ.” सोनं गेल्याचं दुःख तिला नव्हतं असं नाही, पण ते आलं तिच्या मनातून जाईना. योगेंद्रला त्या वेळी तिची इतकी माया आली की तिला उचलून खिशात घालावं आणि धुळ्याला न्यावं असं त्याला वाटलं. तो तसं म्हणालाही, अर्थात खिशाचं सोडून. ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. वडील गेले तेव्हाही ती अशीच बसली होती, पाठ करून, आणि तेव्हाही तो एकटाच परतला होता.

मग गावानेच कंबर कसली. मारुतीसमोर सभा झाली, ठाण्यातले साहेब आले, ग्रामसुरक्षा दल उभं राहिलं. दलाला शिट्ट्या मिळाल्या, काठ्या मिळाल्या, गावाच्या तोंडाशी दुपारभर कोणीतरी बसायचं असं ठरलं. पोलीसपाटील सुनंदाबाईंनी दारोदार जाऊन बायकांना बजावलं की अनोळखी माणसाला पाणी द्या, पण दाराबाहेरच. योगेंद्रने त्या सभेत भाषण केलं. चोर आधी कॅमेरा झाकतो, म्हणून कॅमेरा उंच हवा, असं त्याने सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. मधल्या गल्लीचा कॅमेरा त्याने स्वतः दिला. खांबाची उंची मोजली, कोन काढला, कागदावर सुरेख आराखडा केला. त्या आराखड्यात गल्लीची दोन्ही टोकं कडेकडेला आली होती आणि ताईबाईचा ओटा बरोबर मधे. कोणाच्या ते लक्षात आलं असेल तर कोणी बोललं नाही. उलट शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार झाला. त्या संध्याकाळी मायलेकांत करार झाला. ती गावातच राहणार, पण त्याच्या जेवणाच्या वेळेला तिने ओट्यावर दिसायचं. “ज्या दिन तू दिसनी नही, त्या दिन मी येसू आनि तुले लई जासू,” धुळ्याला घेऊनच जाईन, असं तो हसत म्हणाला. ती हसली नव्हती. तिने मान डोलावली होती, आणि त्याला वाटलं होतं की तिला पटलं.

आता ती फुलं बघता बघता त्याला आपलंच भाषण ऐकू यायला लागलं. त्याने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तरी तेच. मग सुनंदाबाईंना लावला. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला, जणू फोन हातातच धरून बसल्या होत्या. “काही नाही हो भाऊ, सगळं बरं शे,” त्या म्हणाल्या, “सकाळपासून लाईट नाही गावात, म्हणून कॅमेरा बंद असंल.” मागे बायकांची कुजबुज ऐकू आली आणि एकदम थांबली. योगेंद्रने फोन बंद केला आणि पुन्हा गल्ली उघडून पाहिली. फुलं हलत होती. लाईट नसती तर पडदा काळा झाला असता, हे त्याला कळत होतं, आणि पोलीसपाटीलच खोटं बोलतेय हेही कळत होतं, पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडून जे होत होतं तिकडे बघायला मन तयार नव्हतं. डबा तसाच उघडा टाकून तो जिना उतरला.

ऊन मी म्हणत होतं. पांझरेच्या पुलावर गरम वाऱ्याचा झोत बसला आणि त्याने हेल्मेटची काच खाली ओढली. ती नीट असेल, तो स्वतःला सांगत होता, आणि लगेच दुसरं मन विचारत होतं, मग गल्ली गप्प का झाली? त्याला ती पोरं दिसत होती, पुन्हा आलेली, या वेळी पिशवीत पावडर नाही. त्याला चहाचे कप दिसत होते. आणि या भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं, ते त्याला फागण्याचा फाटा मागे पडल्यावर उमगलं आणि त्याची त्याला लाज वाटली. तो मनातल्या मनात धुळ्याच्या घरातली मागची खोली आवरत होता. खिडकीखाली खाट टाकायची, पोरांची सायकल गच्चीवर न्यायची, देवांसाठी कोनाडा. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, तिथे पडदा लावायचा. आज ती नाही म्हणू शकणार नव्हती. कोणी का असेना, ज्याने कॅमेरा झाकला त्याने योगेंद्रचं काम सोपं केलं होतं. आपल्याला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटतंय हे पाहून तो दचकला आणि त्याने गाडीचा वेग वाढवला, जणू त्या वाटण्याला मागे टाकता येणार होतं. निमखेड्याच्या रस्त्याला वळला तर वळणच ओळखू येईना. वळणावरच्या चिंचा नव्हत्या. रस्ता रुंद करताना तोडल्या असणार. बुंधेसुद्धा वाळून करडे पडले होते. कधी तोडल्या या, त्याला वाटलं. मग वाटलं, आपण या रस्त्याने शेवटचं कधी आलो? सत्काराच्या शालीची त्या दिवशी थंडीत ऊब लागली होती, एवढं आठवलं. त्यानंतर आठवेना. पण रोज तर पाहत होतो, त्याने स्वतःला सांगितलं, आणि या वेळी ते वाक्य कालच्यासारखं गुळगुळीत गेलं नाही.

गावाच्या तोंडाशी, बस थांब्याच्या सावलीत, झिपरूआबा खुर्ची टाकून बसले होते. दुपारची पाळी म्हाताऱ्यांकडे असायची, कारण तरणी माणसं शेतात. गळ्यात शिट्टी, मांडीवर काठी. त्यांनी काठी आडवी धरली. “थांबा. कोनाकडे जावानं शे?”

“आबा, मी योगेंद्र.”

“टोपडं काढा आधी.”

योगेंद्रने हेल्मेट काढलं. नियम त्यानेच सुचवलेला, त्यामुळे रागावताही येईना. आबांनी डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं, ओळखलं, तोंड भरून हसले, आणि काठी बाजूला घेण्याऐवजी शिट्टी तोंडात घालून अशी काही फुंकली की थांब्यावरची कबुतरं उडाली. मग श्वास घेऊन आणखी एकदा. “आबा, मी आहे ना, ओळखलं ना तुम्ही?” योगेंद्र म्हणाला. “वयखं म्हनीसनच वाजाडी,” आबा म्हणाले आणि लाजून दुसरीकडे बघू लागले. चोर आला तर एक शिट्टी आणि ताईबाईचा पोऱ्या आला तर दोन, असं गावात ठरलेलं आहे, हे त्याला मागाहून कळलं.

मधल्या गल्लीत तो शिरला तेव्हा खांबाखाली गल्लीतली भागाबाई चिंचा पाडायची लांब काठी घेऊन टाचा उंचावून उभी होती आणि काठीचं टोक कॅमेऱ्याला काही लागत नव्हतं. कॅमेऱ्यावर टोपी होती. चिंधी नव्हे, शिवलेली टोपी. रजईच्या कापडाची, कडेला दुमड घातलेली, नाडी ओवलेली, तान्ह्या पोराला घालतात तशी. त्याला पाहून भागाबाईने काठी पाठीमागे लपवली, अर्थात तेवढी लांब काठी कुठे लपणार. शेजारच्या नूर महंमदच्या, गाद्या-रजया भरणाऱ्याच्या, दारात परक्या मोटारी उभ्या होत्या आणि आतून बशा वाजत होत्या. योगेंद्रने ओट्यावर हात टेकला आणि झटकन उचलला. फरशी चुलीवरच्या तव्यासारखी होती. मोबाइलमध्ये या ओट्यावर ऊन दिसायचं, पांढरं स्वच्छ ऊन, चित्र छान यायचं त्याने. त्याने ओटा तापत असेल हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आत अंधार आणि हळदीचा वास. ताईबाई खाटेवर बसली होती, उजवा पाय उशीवर, घोट्याला पट्टी. आणि शिट्ट्या ऐकून ती उठून उभी राहायच्या खटाटोपात होती. सुनंदाबाईंनी तिला खांद्याला धरून खाली दाबलं होतं. पोलीसपाटील आणि त्यांची आरोपी दोघीही सारख्याच घाबरलेल्या. आई जिवंत होती, घर जागेवर होतं, कोणी आलं नव्हतं. योगेंद्र उंबरठ्यावरच खाली बसला आणि त्याला हसू की रडू असं काहीतरी आलं.

“काय झालं माय?”

“कुठे काय,” ताईबाई म्हणाली. “जरासा मुरगयना.”

“हाड साबूत आहे,” सुनंदाबाई घाईने म्हणाल्या. “परवा मीच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला. आठ दिवस टेकायचा नाही म्हणे. शपथ सांगते भाऊ, रात्री आम्ही पाळीपाळीने झोपतो इथं. भाकरी भागाबाईकडून येते. काही कमी पडू दिलं नाही.”

“पण पडली कशी?”

सुनंदाबाईंनी ताईबाईकडे पाहिलं. शेवटी ताईबाईच म्हणाली, पट्टीकडे बघत, “डाय चुल्हावर व्हती. ध्यानमा नही ऱ्हायनं. मंग एकदम याद उनी, तुना जेवाना टाइम झाया, तू देखत व्हशी. पयत उनी नि उंबराले पाय आटकना.”

योगेंद्र त्याच उंबरठ्यावर बसला होता. तो सरकला. परवाची दुपार त्याने आठवून पाहिली. परवा डब्यात मुगाची उसळ होती, आणि आई ओट्यावर होती; जरा उशिरा आली होती, पण आली होती. कालही होती. ताठ बसली होती. “पण परवा तर तू बाहेर होतीस,” तो म्हणाला. “काल पण होतीस. मी पाहिलं.”

सुनंदाबाई भिंतीकडे बघायला लागल्या. मागे दारात बांगड्या वाजल्या. अकबरी आली होती, नूर महंमदची बायको, डोक्यावर चांगली ओढणी, हातात बिस्किटांची बशी तशीच. तिने योगेंद्रला पाहिलं, मग ताईबाईला, आणि काय चाललंय ते तिला न सांगता कळलं.

“मी व्हती,” अकबरी म्हणाली.

“कोण?”

“मीच. तुनी मायनं लुगडं नेसनी, पदर तोंडवर वढी लिधा, नि बसनी. ती म्हने, नही दिसनी ते पोऱ्या लई जाई. मंग काय करतस? आज मनी पोर खुशनुमाले देखाले पाव्हना येल शेतस. त्यास्ना समोर लुगडं नेसीसन मी कशी बसू, तूच सांग. म्हनीसन टोपडं शिवी दिधं, नि एक पोऱ्याले खांबवर चढाडं.” एवढं बोलून ती थांबली, आणि जरा रागावूनच म्हणाली, “काय तपस रे तो वटा. मना मांड्या भाजायन्यात. हाई कशी रोज बसस, माले कयत नही.”

योगेंद्र हसला नाही, जरी पुढे कचेरीत कोणी हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. त्याला कापसाचं शेत दिसत होतं. तो शाळा सुटल्यावर पाण्याचा हंडा घेऊन जायचा तेव्हाचं. सबंध शेतभर वाकलेल्या बायका, सगळ्यांची डोकी सारख्याच फडक्यांनी बांधलेली, तोंडं जमिनीकडे. आणि तो एकही हाक न मारता सरळ जाऊन आईच्या मागे उभा राहायचा. कधी चुकला नव्हता. कशावरून ओळखायचा तेही त्याला सांगता आलं नसतं. पाय आपोआप तिकडे जायचे. आणि काल त्याने अकबरीकडे बघत पोटभर जेवण केलं होतं, घरी जाऊन आईची पाठ सरळ झाल्याचं सांगितलं होतं. दोन दुपारी आई या खाटेवर पाय धरून पडली होती आणि तो तिला पाहत होता. त्याला आईकडे बघवेना म्हणून तो अकबरीच्या बशीतल्या बिस्किटांकडे बघत राहिला. “खा ना,” अकबरी म्हणाली, आणि मग त्याचं तोंड पाहून तिने बशी खाली ठेवली, सुनंदाबाईंना डोळ्याने खुणावलं, आणि दोघी बाहेर गेल्या. पाव्हणे खोळंबले होते.

घरात दोघंच राहिली. बाहेर भागाबाईची काठी अजून खांबावर टकटक करत होती. ताईबाईने पदराने तोंड पुसलं. मग तिने हळूच उशाची पिशवी पुढे ओढली आणि तो बघत राहिला. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती. वर दोन लुगडी, त्यावर औषधाची पट्टी, आणि फडक्यात बांधलेले देव. शिट्ट्या झाल्यावर एवढ्या वेळात झालं नसतं ते. कधीपासून भरलेली होती कोण जाणे. करार होता, आणि ती कराराला पक्की होती.

“माले लई जावाले उना ना?” तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. “अकबरीवर राग धरू नको. मीच सांगं व्हतं तिले.”

मागची खोली, खिडकी, पडदा, सगळं योगेंद्रच्या जिभेवर तयार होतं. रस्ताभर त्याने तेच तर केलं होतं. ते सगळं आता कुठे गेलं त्याला कळेना. इथे रात्री तिच्याजवळ पाळीने झोपणाऱ्या बायका होत्या, तिच्यासाठी उन्हात बसलेली अकबरी होती, आणि त्याच्याजवळ काय होतं, तर एक सुरेख आराखडा. त्याने पिशवी उचलली, तशी तिची बोटं नकळत पिशवीच्या बंदावर घट्ट झाली. त्याने ती सोडवली नाहीत. पिशवी तिच्या हातासकट परत उशाशी ठेवली.

“नही माय,” तो म्हणाला. “जेवाले उनू.”

तिचा खालचा ओठ एकदा हलला. मग तिने खाटेवर जरा सरकून जागा केली, आणि तो तिच्याजवळ बसायला लागला तसं तिने त्याला हाताने थांबवलं.

“आठे नको. तठे बस, दारमा, उजेडमा.”

“का?”

“तू माले रोज देखस,” ताईबाई म्हणाली. “माले तू कोठे दिसस? बस तठे. देखू दे जरासं.”

तो दारात जाऊन बसला, उजेडाकडे तोंड करून. ती बघायला लागली. कपाळावरून मागे गेलेले केस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कॉलरचा उसवलेला टाका, सगळं ती सावकाश बघत होती, आणि तिला घाई नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला समजेना. शेवटी त्याने शर्ट सारखा केला आणि तो नीट बसला.